न वाजता हलणारी घंटा

शपथ! माझ्या पितळेची शपथ, माझ्या लोलकाची शपथ, ज्या स्प्रिंगला मी जन्मभर लटकले तिची शपथ! आता सांगते त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर मला गंज चढो! पितळेला गंज चढत नाही, असं कोण पुटपुटलं तिकडे? गप्प बस. शपथ ती शपथ.

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नाही, शाळेतली तर नाहीच नाही. नोकरांना बोलवायची घंटा. तळहातात मावेन एवढी, पण जन्म मोठ्या थाटाचा. बर्मिंगहॅमच्या भट्टीत मला ओतलं त्या दिवशी भट्टी इतकी तापली होती, की वरून उडणारा कावळा भाजूनच खाली पडला. कारागिरांनी तो मीठ लावून खाल्ला आणि चांगला लागला म्हणाले. मला पहिल्यांदा वाजवून बघितलं तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या गवळणीच्या घागरीत दुधाचं दही झालं. हसा, हसा. गवळण नव्हती हसत.

तिथून मी यॉर्कशरला आले, सग्डनसाहेबांच्या घरी. गादीवर व्हिक्टोरिया राणी होती आणि गावावर गिरण्यांचा धूर. सग्डनसाहेबांची लोकरीची गिरणी. माणूस सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, त्याच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. घराच्या वरच्या मजल्यांवर ते लोक राहायचे आणि खाली तळघरात आम्ही, म्हणजे स्वयंपाकघर, कोळसा, भांडी, नोकर आणि घंटा.

स्वयंपाकघराच्या दारावर एका फळीला आम्ही ओळीने टांगलेल्या. वर प्रत्येक खोलीत एक दोर. दोर ओढला की भिंतीतून आलेली तार खेचली जायची आणि त्या खोलीची घंटा खाली वाजायची. आणि हे नीट ऐका, पुढे लागणार आहे. आवाज थांबला तरी घंटा स्प्रिंगवर कितीतरी वेळ डुलत राहायची. मुद्दामच तसं केलेलं. पिठात हात असलेल्या बाईने मान वर करेपर्यंत आवाज विरून जातो. मग कोणत्या खोलीतून बोलावलं ते कसं कळणार? जी डुलतेय, तिथून.

मी ओळीतली शेवटची. माझ्या खाली रंगाने लिहिलेलं होतं, 'धाकटे साहेब'.

स्वयंपाकघरात राज्य होतं पिकल्सबाईंचं. इंग्रजीत पिकल्स म्हणजे लोणचं. तिकडे ते आडनाव असतं, मी नाही ठेवलेलं. पण बाई होत्याही तशाच, आंबट आणि मुरलेल्या. त्यांच्या हाताखाली एक धाकटी मोलकरीण असायची. कोळसा वाहणं, शेगड्या पेटवणं, गरम पाण्याचे जग जिन्यावरून वर नेणं आणि सगळ्या घंटांना उत्तर देणं, ही तिची कामं. ती दमली, आजारी पडली किंवा लग्न करून गेली, की दुसरी यायची.

आणि तिचं नाव ॲन असायचं. प्रत्येकीचं.

एका थंडीत माळरानावरून एक पोरगी आली. गोल चेहरा, पायात लाकडी तळव्याचे बूट, हातात पत्र्याची पेटी. सग्डनसाहेबांच्या बाईसाहेब तिला बघायला स्वतः खाली उतरल्या.

"नाव काय तुझं?"

"झिला, बाईसाहेब."

"झिला?" बाईसाहेबांनी जिभेवर काहीतरी तुरट आल्यासारखं तोंड केलं. "मोलकरणीला कुठे असलं नाव असतं का? आमच्याकडे ह्या कामावरच्या मुलीला ॲन म्हणतात. सगळ्यांना सवय आहे. तू ॲन."

"हो, बाईसाहेब."

झालं. बाईसाहेब वर गेल्या. तुमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात, असं ऐकून आहे. तिथे निदान काहीतरी गोड तरी वाटतात.

पिकल्सबाई त्या वेळी अंगणात खाटकाशी मटणावरून भांडत होत्या. आत येऊन बघतात तो नवी मुलगी उभी. "तू ॲन ना? बटाटे सोल," एवढंच म्हणाल्या.

पहिले काही दिवस मोठी पंचाईत. बाई ओरडायच्या, "ॲन! ए ॲन!" आणि ही आपली परात घासत बसलेली. मानच वर नाही.

"बहिरी आहेस की उर्मट?"

"नाही हो बाई. तुम्ही मला हाक मारताय हे लक्षातच येत नाही."

"मग नावाकडे कान नको देऊस, बये. घंटेकडे दे. घंटेला काही नाव बदलावं लागत नाही."

तेव्हापासून ती आमच्याकडे बघायला लागली. शनिवारी स्टुलावर चढून विटेच्या पुडीने आणि व्हिनेगरने आम्हाला घासायची. आधीच्या ॲन नुसता हात फिरवायच्या, ही मात्र आतून घासायची. थंड पाण्यात राबून तिची बोटं सुजून लाल झालेली. "काही कळतच नाही बोटांना," म्हणायची. "तुला लागलं तर सांग हं." आणि पहिल्याच शनिवारी माझ्या तोंडाशी तोंड आणून हळूच म्हणाली, "तुला सांगून ठेवते. माझं नाव झिला आहे. कोणाला तरी माहीत असायला हवं."

मला त्याचं काही वाटलं नाही. पितळेला काय वाटणार?

फेब्रुवारीत धाकटे साहेब घोड्यावरून पडले. सग्डनसाहेबांचा मुलगा, ॲम्ब्रोज नाव. वाईट नव्हता हो पोरगा. हसरा, जरा आळशी, कोणाला टाकून न बोलणारा. पाय दोन ठिकाणी मोडला, फळ्या बांधल्या आणि डॉक्टर सांगून गेले की वसंत सरेपर्यंत पलंग सोडायचा नाही. मग माझे दिवस आले! ठण, कोळसा. ठण, पुस्तक पडलं. ठण, पडदा ओढ. ठण, पडदा पुन्हा उघड.

"त्या साहेबांचा पाय मोडलाय की डोकं?" पिकल्सबाई लाटणं आपटायच्या. "पोरगी जिन्यावरच म्हातारी व्हायची."

पोरगी मात्र जाताना धावत जायची आणि येताना सावकाश यायची. ह्याचा अर्थ मला बाईंच्या आधी कळला, कारण मला तारेतून ऐकू यायचं. वर कोणी बोललं की बोलणं तारेवरून घरंगळत खाली माझ्यापर्यंत यायचं. विश्वास नाही बसत? नका ठेवू. मी शपथ घेतलेली आहे.

"कोळसा नकोय मला, ॲन."

"मग घंटा कशाला ओढलीत, साहेब?"

"तू यावीस म्हणून."

"मी कोळसा घेऊनच येऊ शकते. नुसती आले तर पिकल्सबाई विचारतील, वर काय तुझं लग्न ठरतंय का?"

"मग सांग त्यांना, ठरतंय म्हणून."

तिने हसत शेगडीत कोळसा टाकला. नको असलेला. खोली इतकी तापली, की माझी तारसुद्धा सैल पडली.

एकदा त्याने तिचे हात हातात घेतले. "किती गार आहेत गं! तुला काही जाणवतं तरी का ह्यांत?"

"आता जाणवतंय," ती म्हणाली.

त्यानंतरच्या शनिवारी तिने आपल्या परकराच्या आतला लाल फ्लॅनेलचा तुकडा फाडला, त्याचा बोळा केला आणि माझ्या तोंडात कोंबला. "रागावू नकोस. बाईंचे कान फार तिखट आहेत."

आता वरून दोर ओढला की मी नुसती हलायची. आवाज नाही. स्वयंपाकघरात कोणी मान वर करायचं नाही, फक्त ती करायची. डुलणारी मी दिसली की हात पुसून गुपचूप जिना चढायची. मित्रांनो, ज्या घंटेची वाजण्यासाठीच निपज झाली, तिच्या तोंडात चिंधी! पण खरं सांगू? एवढी वर्षं मी बोंबलत होते, तेव्हा माझ्याकडे बघून कोणाचा चेहरा उजळला नव्हता. आता मुकी झाले आणि उजळायला लागला.

एप्रिलमध्ये तारेवरून जड बोलणं यायला लागलं.

"पाय सुटला की मी न्यूझीलंडला जाणार. काकांची मेंढरं आहेत तिकडे. तू चल. तिथे कोण वरचं न कोण खालचं, कोणी विचारत नाही. तिथल्या चर्चमध्ये लग्न करू."

"आणि तिथे मला काय म्हणाल, साहेब?"

मी तारेला घट्ट धरून ऐकत होते.

"काय म्हणजे? ॲन. ॲन सग्डन. म्हणून बघ, किती छान वाटतं. जसं काही तुझ्यासाठीच घडवलेलं नाव!"

मग तिचा आवाज आला. "कोळसा संपत आलाय. घेऊन येते."

खाली येऊन ती माझ्याखाली उभी राहिली. त्या दिवशी शनिवार नव्हता. "आज अगदी दारापर्यंत आला होता गं," मला म्हणाली, "आणि दार न ठोठावताच परत गेला."

मला हात असते तर कपाळावर मारून घेतला असता. अगं, सांग की सरळ! पण ती माझं न बोललेलं ऐकल्यासारखी पुढे म्हणाली, "मी सांगितलं तर तो म्हणेल, वा, छान नाव आहे, आणि लक्षातही ठेवेल. चांगला आहे तो. पण एकदा तरी त्याच्या मनात यायला नको का, की ही ह्या घरात यायच्या आधीही कोणीतरी होती? ज्या दिवशी विचारेल, त्या दिवशी हो म्हणेन. मग न्यूझीलंड काय, चंद्रावर चल म्हणाला तरी जाईन."

म्हणजे सगळं एका प्रश्नावर अडलेलं. तीन शब्दांचा प्रश्न. मी रोज तारेला कान लावून बसायची. त्याने विचारलं, थकलीस का? विचारलं, आई आहे का तुला? विचारलं, समुद्र कधी पाहिलायस? तिने सांगितलं, आई माळावर हातमाग चालवते. सांगितलं, समुद्र नाही पाहिला. त्याने आपला लोणी लावलेला मफिन मोडून अर्धा तिला दिला. प्रेम होतं हो त्याचं. तोच प्रश्न तेवढा आला नाही. ॲन हे तिचं नाव आहे, यात त्याला विचारण्यासारखं काही दिसलंच नाही. तुम्ही खुर्चीला विचारता का, तुझं खरं नाव काय?

मे महिन्यातल्या एका सकाळी बाईसाहेब जेवणाचं सांगायला खाली आल्या. उकडलेलं मटण, केपरच्या आंबट कळ्यांचा सॉस, वाफेवरचं पुडिंग. सगळं सांगून झालं आणि जाता जाता सहज म्हणाल्या, "ॲम्ब्रोज दिवसभर घंटा ओढून जीव खात असेल ना तुमचा?"

"छे हो, बाईसाहेब," पिकल्सबाई म्हणाल्या. बिचाऱ्या खरं तेच बोलल्या. "ईस्टरच्या आधीपासून त्यांची घंटा वाजलेलीच नाही. गुणी पोरगं. पडून राहत असतील."

"वाजलेली नाही? मी त्याच्याजवळ बसते तेव्हा दोर तर सारखा ओढत असतो."

आणि नेमका तेव्हाच त्याने वर दोर ओढला.

मी हलले. काय करणार? जीव तोडून स्थिर राहायचा प्रयत्न केला, पण स्प्रिंगपुढे माझं काय चालणार. मी डुलतेय, डुलतेय, आवाज नाही. बाईसाहेब बघताहेत, पिकल्सबाई बघताहेत. झिला चुलीपाशी पाठमोरी होती. तिने सवयीने मान वळवली, मला बघितलं, तिच्या चेहऱ्यावर तो उजेड आला आणि हात पुसत ती जिन्याकडे निघाली. बाईसाहेब तिथे उभ्या आहेत, हे विसरूनच.

"कुठे चाललीस, ॲन?"

पाऊल तिथेच थांबलं. "घंटा, बाईसाहेब."

"कोणती घंटा?"

मी अजून डुलतच होते.

बाईसाहेबांनी स्टूल मागवलं. रेशमी झगा सावरत स्वतः चढल्या आणि दोन बोटांनी माझ्या तोंडातून बोळा ओढून काढला. लाल फ्लॅनेल. ते कुठून येतं, हे घरातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. त्यांनी तो चुलीत टाकला.

"पेटी भर," म्हणाल्या. आवाज चढलासुद्धा नाही. "दाखला मिळणार नाही."

दाखला नाही म्हणजे पुढे कुठल्याच घरात काम नाही. झिलाने रडारड केली नाही. पेटीची दोरी बांधायला गेली तर गाठ बसेना. पिकल्सबाईंनी ती हातातून घेतली. "दे इकडे. थरथरतायत बघ हात."

"थरथरत नाहीयेत हो," ती म्हणाली. "त्यांना काही कळतच नाहीये."

बाईंनी गाठ मारली. चरबी लावलेला पाव फडक्यात गुंडाळून पेटीवर ठेवला. जाताना ती माझ्याखाली क्षणभर थांबली. "येते गं," म्हणाली, आणि मागच्या दाराने गेली.

मग वरून दोर ओढला गेला. आणि मी वाजले. इतक्या दिवसांनी, पूर्ण आवाजात. ठण ठण ठण! गवळणीच्या दह्यानंतर इतकी कधी वाजले नव्हते. कोणी वर गेलं नाही. तो ओढत राहिला, मी वाजत राहिले. माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला.

दुपारी जिन्यावर खटखट ऐकू आली. कुबड्या! धाकटे साहेब. सव्वीस वर्षं त्या घरात वाढलेला मुलगा, पण स्वयंपाकघराचं दार कोणतं ते त्याला माहीत नव्हतं. आधी कोळशाच्या खोलीत शिरला.

"पिकल्सबाई, ॲन कुठे आहे?"

"नवी सोमवारी येतेय, साहेब."

"नवी कोण? मी ॲनबद्दल विचारतोय. आपल्या ॲनबद्दल!"

"तीही ॲनच असेल, साहेब. ह्याच्या आधीचीही ॲनच होती. तुमच्या लहानपणी तुम्हाला खांद्यावर घेऊन फिरायची ती सुद्धा."

तो भिंतीला टेकला. आणि मग, मित्रांनो, त्याने तो प्रश्न विचारला. ज्याच्यासाठी मी महिनाभर कान लावून बसले होते तो.

"तिचं नाव काय होतं?"

विचारला, पण पिकल्सबाईंना.

बाईंनी मळलेल्या पिठावरून हात काढला नाही. "मी नावं विचारत नाही, साहेब. विचारलं की गेल्यावर जड जातं."

मला माहीत होतं! त्या खोलीत एकटीला मलाच माहीत होतं. झिला, झिला, झिला! पण घंटेला एकच शब्द येतो, आणि तोही वरून कोणी ओढल्याशिवाय नाही.

दुसऱ्या दिवशी तो घोडागाडी करून माळावर गेला. दारोदार विचारत हिंडला, सग्डनांकडे कामाला होती ती ॲन इथे राहते का? माळावर ॲन खंडीभर. एक आजीबाई, एक तान्ही, एक म्हशीएवढी. सग्डनांकडे गेलेली एकही नाही. शेवटी एका झोपडीशी गाडी थांबली. आत हातमागाचा आवाज. दारात एक बाई आली.

"ॲन आहे का इथे?"

"इथे ॲन नावाची कोणी नाही, साहेब," बाई म्हणाली. खोटं नव्हती बोलत.

त्याने तिच्या खांद्यावरून आतल्या अंधारात हाक मारली, "ॲन! ए ॲन!" आतली मुलगी मागावर बसलेली. हाक तिच्या कानावरून गेली. पण तिच्या घरात, तिच्या आईच्या मागावर, ते नाव कोणाचंच नव्हतं. मान वर झाली नाही. गाडी परत फिरली.

पुढचं माझं फार नाही. राणी गेली, मोठ्या घरांतले नोकर गेले, विजेच्या घंटा आल्या, फळी उतरवली. लोलक कुठेतरी गळून पडला. आज मी एका जुन्या सामानाच्या दुकानात खिळ्याला लटकते. येणारी माणसं बोटाने ढकलून बघतात, वाजत नाही म्हणतात आणि शेजारची चहाची किटली घेऊन जातात. मला काही वाटत नाही. मी डुलते, मग थांबते.

मित्रांनो, मला घासू नका, पुसू नका, नवा लोलकही बसवू नका. एवढंच करा. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या, कचरा न्यायला येणाऱ्या, दाराशी सामान आणून देणाऱ्या माणसाला नाव विचारा. त्याने सांगितलेलं नाव लक्षात ठेवा, आणि त्याच नावाने हाक मारा. उशीर झाला की तो प्रश्न भलत्यालाच विचारावा लागतो.

झालं. संपलं. जा आता.

अजून बसलाच आहात? बरं. शपथ घेतलीय, तर सांगून टाकते. एक गोष्ट मी बनवली. कावळा खरा आहे, दही खरं आहे, पण ती घोडागाडी बनवली. तो माळावर गेला नाही. पिकल्सबाईंनी उत्तर दिल्यावर तो कुबड्या टेकत जिना चढून वर गेला. सोमवारी नवी ॲन आली. मंगळवारी त्याने दोर ओढला. कोळसा हवा होता.